सासूचे दोन हजार, सुनेचे दीड हजार: बेळगाव सीमेवरच्या एका घराचा प्रकरण अभ्यास

बेळगावच्या बसस्थानकातून पश्चिमेकडच्या खेड्यांकडे निघालेल्या बसमध्ये दोघी बहिणी एकाच बाकावर बसल्या होत्या. कंडक्टर आला. थोरलीने आधार कार्ड पुढे केलं; कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट, म्हणून तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. धाकटीने पर्स उघडून पैसे मोजले, कारण तिच्या आधारवर चंदगड तालुक्यातला पत्ता आहे. दोघींचं माहेर एक, मराठी शाळा एक, उचगावच्या मळेकरणीला बोललेला नवससुद्धा एकच. "माझं लगीन थोडं पुढं झालं की वो मॅडम, त्याचा हा दंड," धाकटी म्हणाली आणि स्वतःच हसली.

मी मागच्या बाकावर होते. निवडणुका, कल्याणकारी योजना आणि प्रतिनिधित्व हा माझा अभ्यासाचा विषय. या दोघींच्या घरी गेली काही वर्षं माझं जाणं-येणं आहे. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. ओळख पटू नये म्हणून वयं आणि नात्यांतले एक-दोन तपशील बदलले आहेत. थोरलीचं सासर बेळगाव ग्रामीण विधानसभा मतदारसंघात, अगदी हद्दीला लागून. धाकटीचं चंदगड मतदारसंघात, म्हणजे महाराष्ट्रात. मधे एक ओढा, काजूची झाडं, रताळ्याची शेतं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला पडलेली राज्यांची हद्द.

एका घरावरून सगळ्या सीमाभागाबद्दल बोलू नये, हे मीच विद्यार्थ्यांना बजावत असते. तरी हे घर निवडलं. निवडणूक निकालाच्या फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. कुठल्या गावात कोणाला किती पडली ते त्यातून कळतं. पण त्याच गावातल्या एकाच बाईने चार वर्षांत चार निवडणुकांत तीन वेगळ्या बाजूंना मत का दिलं, ते त्या तक्त्यात नसतं. ते चुलीपाशी बसल्यावर कळतं, तेही चौथ्या-पाचव्या भेटीत.

कोडं

१७ एप्रिल २०२१ ला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. सुरेश अंगडी यांच्या निधनाने जागा रिकामी झाली होती. भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळी यांना पाच हजारांच्या आसपास मतांनी, म्हणजे लोकसभेच्या मानाने केसाच्या फरकाने, हरवलं. पण बेळगावात चर्चा झाली ती तिसऱ्या उमेदवाराची. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळके यांना एक लाखाहून अधिक मतं पडली. समिती संपली म्हणणारे चार दिवस गप्प बसले.

मग सप्टेंबर आला. बेळगाव महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. ज्या महापालिकेत वर्षानुवर्षं महापौर समितीचा असे, तिथे समितीचे नगरसेवक बोटावर मोजण्याइतके उरले. मे २०२३ च्या विधानसभेत समितीचा एकही आमदार आला नाही. २०१८ मध्येही आला नव्हता. २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा होत्या, त्या शेवटच्या. मे २०२४ च्या लोकसभेत समितीच्या उमेदवाराची मतं २०२१ च्या मानाने अगदीच किरकोळ होती.

तीन वर्षांत लाखभर माणसं कुठे गेली?

चौकात याची तीन उत्तरं मिळतात. भाषेचा प्रश्न नव्या पिढीसाठी संपला, हे एक. समितीत फूट आहे, हे दुसरं. ते खरंच आहे. २०१८ ला खानापुरात समितीचेच दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे होते, असं केल्यावर वेगळा शत्रू लागत नाही. तिसरं उत्तर आता सगळ्यात जास्त ऐकू येतं: दोन हजार रुपयांनी मराठी मत विकत घेतलं.

हे तिसरं उत्तर मला सगळ्यात आळशी वाटतं. कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचा, म्हणजे बाईच्या खात्यावर महिना दोन हजारांचा, पहिला हप्ता ३० ऑगस्ट २०२३ ला सुटला; विधानसभेचं मतदान १० मेला होऊन गेलं होतं. तेव्हा हातात होतं ते फक्त आश्वासन. त्याहून मोठी अडचण अशी की बेळगाव ग्रामीणमध्ये काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर २०१८ लाही पन्नास हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या. तेव्हा ना गृहलक्ष्मी होती, ना फुकट बसची शक्ती योजना, ना मोफत वीज. योजना आली मागून, मत गेलं आधी. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

घर

थोरलीच्या घरात सासू, नवरा, ती आणि दोन मुलं. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. मुलगी बेळगावात कॉलेजला जाते, रोजची बस फुकट. सासू अडुसष्ट वर्षांची, विधवा. तिचा नवरा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होता. त्या जूनमध्ये हिंडलग्याला गोळीबारात माणसं गेली, आणि ह्याच्या पायाला लाठीचा मार बसला तो शेवटपर्यंत थंडीत दुखायचा. घरातल्या फोटोंत शिवाजी महाराज, मळेकरणी, आणि म्हाताऱ्याचा एक फोटो, टोपी घातलेला, हुतात्मा दिनाच्या मिरवणुकीतला. १७ जानेवारीला, १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, सासू आजही घरात गोड करत नाही.

थोरली स्वतः ग्रामपंचायत सदस्य आहे. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत महिला राखीव जागेवरून निवडून आली. कर्नाटकात ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, निम्म्या जागा बायकांना असतात, आणि साधारण चारशे लोकसंख्येमागे एक सदस्य असतो. चिन्ह नसलं तरी गावात सगळ्यांना ठाऊक असतं कोण कुठल्या पॅनेलचं. ती समितीच्या पॅनेलमधून आली. पहिलं वर्षभर बैठकीला तिच्याबरोबर नवरा जायचा आणि बोलायचाही तोच. मग फाउंड्रीतली पाळी बदलली आणि त्याला रजा मिळेना, म्हणून ती एकटी जाऊ लागली. स्त्रियांच्या सक्षमीकरणावर मी बरंच लिहिलं आहे. पाळीपत्रकाने काम झाल्याची नोंद मात्र पहिल्यांदाच करते आहे.

बैठकीची नोटीस कन्नडमध्ये येते. तिला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकली आहे. "बोलायचं कन्नड येतंय वो, सरकारचं कन्नड नाय येत," ती म्हणते. भाषिक अल्पसंख्याक जिथे पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे परिपत्रकं त्यांच्या भाषेतही द्यावीत, असं संरक्षण कागदावर आहे. तिच्या गावात मराठी बोलणारे पंधरा टक्के नाहीत. जवळपास सगळेच आहेत. तरी ठरावाची प्रत ती मुलीकडून वाचून घेते.

निवडणुकीच्या वेळी मात्र भाषेची काहीच अडचण नसते. भाजप असो की काँग्रेस, पत्रक मराठीत, रिक्षावरचा भोंगा मराठीत, उमेदवार गावात आला की मराठीत बोलतो. प्रचार मराठीत आणि अर्ज कन्नडात. मला या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. ती थोरलीनेच दाखवली, मी नाही शोधली.

रेशन कार्डावरचं पहिलं नाव

२०२३ च्या पावसाळ्यात गृहलक्ष्मीची नोंदणी सुरू झाली तेव्हा थोरली रोज पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रात बसून होती. कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कुणाच्या नावाचं स्पेलिंग कार्डावर एक आणि पासबुकात दुसरं, कुणाचा मोबाइल नंबर मुंबईला गेलेल्या मुलाकडे. वॉर्डातल्या सगळ्या बायकांची नोंदणी तिने करून घेतली.

स्वतःची नाही. गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार मिळतात ते रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या बाईला, एका कार्डामागे एकीला. तिच्या घरच्या कार्डावर पहिलं नाव सासूचं आहे. पैसे सासूच्या खात्यावर पडतात.

ओढ्यापलीकडे धाकटीच्या घरी नेमकं उलट. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैपासून लागू झाली. दीड हजार रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. तिथे कार्डावरचा प्रमुख कोण हे विचारत नाहीत, बाईचं वय विचारतात. धाकटीची सासू सत्तरीची, म्हणून ती बाहेर, धाकटी आत. कागदपत्रांचा घोळ मात्र झाला. तिचा जन्म कर्नाटकातला, शाळा सोडल्याचा दाखला कर्नाटकातला. परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचे दाखले चालतील, अशी सवलत सरकारने दिली तेव्हा तिचा अर्ज गेला. "बघा, मी महाराष्ट्राची झाले ते नवऱ्यामुळं," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या गावावर महाराष्ट्र स्थापनेपासून हक्क सांगतो आहे.

दोन्ही योजनांची जाहिरात एकच आहे, बाईच्या हातात पैसा. पण कर्नाटकात तो कुटुंबाच्या वाटेने येतो आणि सासूच्या हातात पडतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या वाटेने येतो आणि सुनेच्या. योजना आखणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. रेशन कार्डाची यादी तयार होती, ती वापरली. पण घरात त्याने काय केलं ते दोन स्वयंपाकघरांत उभं राहिलं की दिसतं. धाकटीने दीड हजारातून भिशी लावली आणि मिक्सर घेतला. थोरलीच्या सासूने दोन हजारांतून पहिल्यांदा नातीची फी भरली, मग डोळ्याचं ऑपरेशन केलं, आणि आता हप्ता आला की नाही ते ती स्वतः बँकेत जाऊन विचारते. हप्ते मागे-पुढे होतात. कधी दोन-दोन महिने येत नाहीत. तेव्हा ती सुनेला म्हणते, "तू मेंबर ना ग, विचार की." सुनेला स्वतःला न मिळणाऱ्या पैशाबद्दल सासूची तक्रार वर न्यावी लागते. याला पाठ्यपुस्तकात उत्तरदायित्व म्हणतात.

मधे थोरलीने कार्ड वेगळं करण्याचा विषय काढला होता. नवरा-बायको-मुलं एका कार्डावर, सासू दुसऱ्या. म्हणजे दोन प्रमुख, दोन हप्ते. अशी युक्ती सुचलेलं हे काही एकटं घर नाही. सासूने चार दिवस अबोला धरला. तिच्या दृष्टीने कार्ड फुटणं म्हणजे घर फुटणं.

अर्जासारखं मत

आता थोडं मागे जाते, कारण सासूचं मत समजायला १९९६ लागतं.

त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० होते, ते पाण्याच्या प्रश्नासाठी, बेळगावातले सीमाप्रश्नासाठी. जिंकायचं कुणालाच नव्हतं. दिल्लीने बघावं एवढीच इच्छा. थोरलीच्या सासऱ्यांनी स्वतः अर्ज भरला नव्हता, पण गावातून ज्यांनी भरला त्यांच्याबरोबर ते गेले होते. अनामत तेव्हा ५०० रुपये होती. जनता दलाचे शिवानंद कौजलगी निवडून आले. दिल्लीने बघितलं खरं, पण सीमाप्रश्नाकडे नाही, अर्जांच्या गठ्ठ्याकडे: त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत दहा हजार केली आणि अपक्षाला दहा सूचक लावले. आज ती पंचवीस हजार आहे.

हा प्रसंग माझ्या विषयात मतदानाचं विपरीत उदाहरण म्हणून सांगतात, हसत. सीमाभागात तो वेगळ्या तऱ्हेने लक्षात आहे. इथल्या दोन पिढ्यांसाठी मत हे माणूस निवडण्याचं साधन नव्हतंच, तो वर पाठवायचा अर्ज होता. १९५६ च्या जानेवारीतला गोळीबार, १९६७ चा सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये दाखल केलेला दावा. बाकी सगळे कागद सरकारांनी लिहिले. लोकांच्या हातात एकच कागद होता, मतपत्रिका. त्यावर दर पाच वर्षांनी तेच लिहायचं: बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र.

आणि त्या काळी हा अर्ज फुकट नव्हता, पण महागही नव्हता. उचगाव मतदारसंघातून समितीचे आमदार अनेकदा निवडून आले. तोच आमदार बेंगळुरात सीमाप्रश्नावर घोषणा द्यायचा आणि तोच विहिरीची फाइल हलवायचा. एका मतात दोन्ही कामं व्हायची. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ गेले, बेळगाव ग्रामीण तयार झाला. तालुक्यातली काही मराठी गावं यमकनमर्डीत गेली, आणि तो मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. लोकसभेला तर मराठी पट्टा आज तीन तुकड्यांत आहे: शहर आणि ग्रामीण बेळगावात, निपाणी-यमकनमर्डी चिक्कोडीत, खानापूर उत्तर कन्नडमध्ये. एकगठ्ठा पडली तरी जिंकायला पुरणार नाहीत अशी मतांची मांडणी झाली. कुणी मुद्दाम केलं की आपोआप झालं यावर बेळगावात रात्र घालवता येईल. थोरलीच्या घरापुरता परिणाम एवढाच की सीमाप्रश्नाचं मत आणि विहिरीचं मत वेगळं झालं.

यात एक गोष्ट सहसा कुणी धरत नाही. तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणुका रखडल्या. गाव आणि आमदार यांच्यामधली पायरीच गेली. पूर्वी रस्त्यासाठी जिल्हा पंचायत सदस्याकडे जायचं, तो समितीचा असला तरी कामं करायचा. आता ग्रामपंचायत सदस्याने थेट आमदाराच्या कार्यालयात जायचं. थोरलीला समितीच्या पॅनेलची सदस्य म्हणून तिथे बसवून ठेवलं का, असं मी विचारलं. "नाय वो, च्या देऊन काम केलं," ती म्हणाली. "म्हणूनच तर पंचाईत."

चार मतं

मतदान गुप्त असतं. मी विचारलं नव्हतं, दोघींनी आपणहून सांगितलं, आणि सांगितलेलं मत आणि टाकलेलं मत एक नसू शकतं हेही धरून चालते.

थोरली डिसेंबर २०२० मध्ये समितीच्या पॅनेलमधून उभी राहिली. एप्रिल २०२१ च्या पोटनिवडणुकीत तिने आणि सासूने समितीला मत दिलं. ती निवडणूक केंद्रातलं वा राज्यातलं सरकार ठरवणार नव्हती. त्याआधीच्या नोव्हेंबरात येडियुरप्पा सरकारने मराठा विकास महामंडळ जाहीर केलं होतं, त्यावर कन्नड संघटनांनी डिसेंबरात कर्नाटक बंद पुकारला होता, आणि सरकार सांगत होतं की हे मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नाही. थोरलीच्या नवऱ्याला तो भेद फार झोंबला. "जात घ्या, भाषा ठेवा म्हणतात," असं तो म्हणाला होता. मत रागाचं होतं आणि त्याची किंमत काही नव्हती.

मे २०२३ ला थोरलीने हेब्बाळकरांना मत दिलं, सासूने समितीला. ग्रामीणमध्ये समितीचा उमेदवार तिसरा आला. शेजारच्या बेळगाव दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर दुसरे आले आणि भाजपच्या अभय पाटलांशी चांगले झुंजले, हे इथे नोंदवायला हवं; शहरातली गोष्ट खेड्याहून वेगळी आहे. थोरलीचं कारण साधं होतं: पाच वर्षं पंचायतीत बसायचं तर दार उघडं हवं. महाराजांबद्दल विचारलं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि मार्च २०२३ मध्ये त्याचं अनावरण दोनदा झालं, एकदा भाजपचे मुख्यमंत्री बोम्मई यांच्या हस्ते आणि तीन दिवसांनी काँग्रेसच्या कार्यक्रमात. "दोघांनी पण केलं की. मग महाराज काय आता एकट्या समितीचे हायत?" समितीकडे जे एक मोठं प्रतीक होतं तेही राष्ट्रीय पक्षांनी उचललं. उरली भाषा, आणि भाषेचा पुतळा उभारता येत नाही.

इथपर्यंत माझं म्हणणं नीट बसत होतं. मराठी मत फिरलं नाही, ते वाटलं गेलं. भाषेचं मत जिथे फुकट पडतं तिथे समितीला, फाइलचं मत आमदाराला. मी त्यावर एक टिपणही लिहून ठेवलं होतं.

मग २०२४ आलं आणि टिपण अडखळलं. लोकसभेलाही बेळगावची एक जागा सरकार ठरवत नाही, फाइल तर खासदाराकडे जातच नाही. म्हणजे माझ्या हिशेबाने मत पुन्हा समितीला जायला हवं होतं. गेलं नाही. थोरलीने भाजपला दिलं, "देशाचं मत" म्हणून. आणि सासूने, जिने जन्मभर समितीशिवाय दुसरं बटण दाबलं नव्हतं, पहिल्यांदा काँग्रेसला दिलं. "ज्याचं खाल्लं त्याला एकदा द्यावं," ती म्हणाली, आणि मग फोटोकडे बघून, "ते असते तर बोलले असते." काँग्रेसचे मृणाल हेब्बाळकर तरीही जगदीश शेट्टर यांच्याकडून पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी हरले. राज्यातही गॅरंट्यांच्या, म्हणजे याच योजनांच्या आश्वासनांच्या, जोरावर जिंकलेल्या पक्षाला २८ पैकी नऊच जागा मिळाल्या. पलीकडे चंदगडला नोव्हेंबर २०२४ मध्ये याचा आरसा दिसला: लाडक्या बहिणींच्या लाटेत महायुतीने २८८ पैकी २३० जागा घेतल्या, आणि चंदगडमधून अपक्ष शिवाजी पाटील निवडून आले. धाकटीने हप्ताही घेतला आणि मतही अपक्षाला दिलं. "हप्ता सरकारचा, मत आमच्याकडच्या माणसाला."

म्हणून टिपण बदललं. योजनेचा पैसा मत विकत घेतो हे खोटं. पण मतावर त्याचा परिणामच नाही हेही खोटं. ज्या बाईचं मत चाळीस वर्षं अर्ज म्हणून वर जात होतं, तिला पहिल्यांदा कुठल्यातरी सरकारकडून उत्तर आलं, दरमहा दोन हजारांचं, खात्यावर तिच्या स्वतःच्या नावाने. तिने उत्तराला पोच दिली, एकदाच. थोरलीला असं काही आलंच नव्हतं. योजनेने तिला वगळलं होतं, त्यामुळे तिचं मत मोकळं होतं आणि देशाच्या हवेबरोबर गेलं. एकाच छपराखालच्या दोन बायकांची मतं भाषेने नाही, रेशन कार्डावरच्या क्रमाने वेगळी झाली. हे मी कुठल्याही सर्वेक्षणात पकडू शकले नसते, कारण कुणी प्रश्नावलीत "कार्डावर पहिलं नाव कुणाचं?" असं विचारत नाही. आता मी विचारते.

समितीवाल्यांशी बोलताना मला जाणवतं की पराभवाचं खापर ते पैशावर फोडतात आणि त्यात एक सोय आहे: पैसा म्हटलं की स्वतःकडे बघावं लागत नाही. समितीचं जे काम गेलं ते घोषणांचं नाही, फाइलचं. कन्नड अर्ज भरून देणारा माणूस प्रत्येक गावात समितीचा असता, तर बापूजी सेवा केंद्राबाहेरची रांग समितीच्या नावावर जमा झाली असती. थोरलीने ते काम केलं, आणि श्रेय योजनेच्या मंत्र्यांना गेलं. त्या मंत्री म्हणजे लक्ष्मी हेब्बाळकर, तिच्याच मतदारसंघाच्या आमदार आहेत, महिला व बालकल्याण खातं त्यांच्याकडे आहे.

महाराष्ट्राचं वागणंही या घरातून विचित्र दिसतं. ज्या ८६५ गावांवर दावा आहे त्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, कर्नाटकाने त्यावर हरकत घेतली, मोठा वाद झाला. म्हणजे आजारी पडलं तर थोरली महाराष्ट्राची. बरी असेल तर नाही. लाडकी बहीण ओढ्यापाशी थांबते. सासूने हे ऐकल्यावर एवढंच विचारलं की मग डोळ्याच्या ऑपरेशनचं तेव्हाच का नाही सांगितलं कुणी.

शेवटची भेट २०२५ च्या दिवाळीतली. पंचायतीची मुदत संपत आली होती, वॉर्डाचं आरक्षण काय पडणार याची कुणालाच खबर नव्हती. पॅनेलवाले दोनदा येऊन गेले होते, एकदा समितीचे, एकदा दुसरे. थोरली चकल्या तळत होती, धाकटी माहेरपणाला आलेली, तिने कढईपाशी बसून मिक्सरची वॉरंटी संपल्याची कथा चालवली होती. मी विचारलं, पुन्हा उभी राहणार का? थोरलीने सासूकडे बघितलं. सासू मुटके वळत होती, हात न थांबवता म्हणाली, "ऱ्हा की उभी. पाहिजे त्या पॅनेलातनं ऱ्हा. पण कार्ड वेगळं करायचं नाय, सांगून ठेवते."